आकाशातील बांध

शेताला बांध असतो. आमच्या घरच्या कोकणीत त्याला मेर म्हणतात. गावाला शीव असते, राज्याला सीमा असते. आकाश तेवढे मोकळे, तेथे कोणाचे कुंपण नाही, अशी मात्र आपली समजूत असते. घार कोणाला विचारून उडत नाही, ढग कोठे थांबत नाहीत; मग विमानाने तरी का थांबावे? गेल्या वर्षी नववीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस जवळजवळ हाच प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस जे वाचावे व समजून घ्यावे लागले, ते येथे मांडीत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर, वर्गात भूगोल शिकविणारे. विमानविद्या हा आमचा विषय नव्हे. परंतु हा प्रश्न नकाशाचा होता, आणि नकाशापुढे भूगोलाच्या शिक्षकास पाठ फिरविता येत नाही.

हकीकत अशी घडली. या विद्यार्थ्याच्या घरी संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर आहे. सिम्युलेटर म्हणजे विमान चालविण्याचा हुबेहूब भास निर्माण करणारी योजना. पडद्यावर विमानाची कक्षिका दिसते, काटे हलतात, खाली खऱ्या भूप्रदेशासारखा प्रदेश सरकत जातो. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर १९८२ सालापासून प्रसिद्ध आहे. फ्लाइटगिअर नावाचा एक सिम्युलेटर तर विनामूल्य मिळतो. आमच्या विद्यार्थ्याचे आजोळ नांदेडचे. त्याने हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून नांदेडला जाण्याचे ठरविले, नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, आणि त्या रेघेवरून एका लहान सेस्ना विमानाने तो नांदेडला उतरलाही. मोठ्या उत्साहाने त्याने ती रेघ आम्हांस दाखविली. आम्ही नकाशाकडे पाहिले आणि विचारले, "वाटेत दुंडिगल आहे, ते पाहिलेस काय?" तो म्हणाला, "पाहिले सर. पण खेळात कोणीच अडवीत नाही. मग सीमा कशाला पाहायच्या?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे.

प्रथम आकाश कोणाचे, ते पाहू. विमाने नवी होती तेव्हा याविषयी पुष्कळ वाद होता. समुद्र जसा सर्वांचा, तसे आकाशही सर्वांचे असावे, असे काही विद्वानांचे मत होते. पहिल्या महायुद्धात आकाशातून बॉम्ब पडू लागले आणि तो वाद संपला. १९१९ च्या पॅरिस करारात, आणि पुढे ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या शिकागो करारात, प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य प्रभुत्व आहे, हे तत्त्व मान्य झाले. भूमीप्रमाणेच किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावरील आकाशही त्या राष्ट्राचे. आपला देश या करारात सहभागी आहे. याच कराराने लष्करी गरजेसाठी किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी आकाशाचे काही भाग बंद ठेवण्याचा अधिकारही प्रत्येक राष्ट्रास दिला आहे.

ही रेघ चुकली तर काय होते, याचे भयंकर उदाहरण १ सप्टेंबर १९८३ चे आहे. कोरियाचे एक प्रवासी विमान अलास्कातील अँकरेज येथून सोलकडे जाताना आपल्या मार्गापासून ढळले व सोव्हिएट संघाच्या बंद आकाशात शिरले. सोव्हिएट लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९८४ साली शिकागो करारात दुरुस्ती झाली आणि उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये, हे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. कागदावरील एक रेघ आणि एवढी माणसे! आकाशातील सीमा डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्या नाहीतच असे समजणे किती घातक आहे, हे यावरून ध्यानी येईल.

आता या सीमांचे स्वरूप पाहू. जमिनीवरील सीमेला लांबी-रुंदी असते. आकाशातील सीमेला उंचीही असते. म्हणून आकाशातील क्षेत्र शेतासारखे नसून खोलीसारखे असते. त्याला भिंती असतात, तळ असतो आणि छतही असते. विमानतळाभोवतीच्या नियंत्रित क्षेत्राची खोली जमिनीपासून सुरू होते. त्याच्यावर व भोवती आणखी मोठी खोली असते, पण तिचा तळ जमिनीपासून काही हजार फूट वर असतो. त्यामुळे एकाच गावावरून जाताना खालच्या उंचीवर मोकळीक आणि वरच्या उंचीवर परवानगीची गरज, किंवा याच्या उलट, असे घडू शकते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत अशा क्षेत्रांचे ए पासून जी पर्यंत सात वर्ग केलेले आहेत. ए वर्गात नियंत्रण सर्वांत कडक, जी वर्गात सर्वांत सैल.

याखेरीज तीन प्रकारची विशेष क्षेत्रे नकाशावर दाखविलेली असतात. पहिले निषिद्ध क्षेत्र. तेथे विमानाने जावयाचेच नाही. दिल्लीतील राष्ट्रपती भवनाचा परिसर, तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र, मुंबईतील पारशी बांधवांचा दख्मा ही त्याची उदाहरणे. शेवटचे उदाहरण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथे शस्त्र नाही, गुपित नाही, आहे तो मृतांविषयीचा आदर. दुसरे निर्बंधित क्षेत्र. तेथे ठरलेल्या अटी पाळूनच जाता येते. तिसरे धोक्याचे क्षेत्र. तेथे विशिष्ट वेळी गोळीबाराचा सराव किंवा तत्सम काही चालू असते. क्षेत्राच्या सांकेतिक नावातील पी, आर किंवा डी या अक्षरावरून त्याचा प्रकार ओळखता येतो. काही क्षेत्रे सदैव बंद असतात, काही ठरावीक वेळीच. श्रीहरिकोट्याहून अग्निबाण सुटावयाचा असला की आसपासचे आकाश व समुद्र तेवढ्या वेळेपुरते मोकळे करतात. अशा तात्पुरत्या सूचनेस वैमानिकांच्या भाषेत नोटॅम म्हणतात.

एवढे समजल्यावर आमच्या विद्यार्थ्याच्या रेघेकडे पुन्हा वळू. हैदराबादचे आकाश म्हणजे या विषयाची एक पाठशाळाच आहे. बेगमपेठ विमानतळ निजामाच्या काळातील. १९४५ साली स्थापन झालेली डेक्कन एअरवेज येथूनच आपली विमाने चालवीत असे. १९५३ साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. मार्च २००८ मध्ये शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला आणि बेगमपेठची नियमित प्रवासी वाहतूक तिकडे गेली. बेगमपेठपासून शमशाबाद दक्षिणेस सुमारे २४ किलोमीटर. ईशान्येस सुमारे १२ किलोमीटरवर हकीमपेठ येथे हवाई दलाचे प्रशिक्षण-केंद्र आहे. वायव्येस सुमारे २१ किलोमीटरवर दुंडिगल येथे हवाई दलाची अकादमी आहे. १९७१ पासून देशाचे वायुसैनिक अधिकारी तेथे घडत आहेत. आणि पश्चिमेस सुमारे ११५ किलोमीटरवर बिदर येथे दुंडिगल-हकीमपेठचे शिक्षण पुरे केलेले वैमानिक हॉक जातीच्या जेट विमानांवर पुढचे धडे घेतात.

बेगमपेठहून नांदेडपर्यंत सरळ रेघ ओढली, तर तिची लांबी सुमारे २२७ किलोमीटर, म्हणजे १२३ सागरी मैल भरते. ती उजव्या हातास हकीमपेठ सोडते, आणि दुंडिगलच्या धावपट्टीपासून पाच किलोमीटरांच्या आतबाहेर जाते. ताशी ११० सागरी मैल वेगाने जाणारे सेस्ना विमान बेगमपेठहून निघाल्यावर सहा-सात मिनिटांतच त्या नवशिक्या वैमानिकांच्या मध्यभागी पोचते.

येथे त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर आहे. दुंडिगलचे आकाश मोकळे का ठेवतात? तेथे वीस-बावीस वर्षांचे तरुण-तरुणी आयुष्यात प्रथमच विमानाचा दांडा हाती धरतात. एके दिवशी गुरू खाली उतरतो आणि शिष्य एकटाच वर जातो. त्या घटकेला त्याचे लक्ष वेग, उंची आणि धावपट्टी यांवर खिळलेले असते; भलत्याच बाजूने येणाऱ्या विमानाकडे पाहण्याची सवड त्याला नसते. सर्व दक्षता घेऊनही हे शिक्षण जोखमीचेच आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी दुंडिगलहून उडालेले एक पिलाटस विमान मेदक जिल्ह्यात तूप्रानजवळ कोसळले. त्यातील प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघेही मरण पावले. ते गाव येथून दूर नाही. नकाशावरील ती रेघ म्हणजे सरकारी दिमाख नव्हे. शिकणाऱ्या मुलाला चुकण्यापुरती जागा मिळावी म्हणून इतरांनी सोडलेले ते अंगण आहे.

तेव्हा नियोजन कसे करावे? आम्ही आणि त्या विद्यार्थ्याने मिळून केले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, नकाशा ताजा हवा. भारतीय विमानपत्तन प्राधिकरण देशातील हवाई माहितीची पुस्तिका प्रसिद्ध करते, व ती सर्वांना विनामूल्य पाहता येते. तिच्यातील नियोजित बदल आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार २८ दिवसांच्या चक्राने अमलात येतात, आणि तेही गुरुवारी. सिम्युलेटरमधील नकाशा दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर त्यातील सीमाही दोन वर्षांपूर्वीच्या.

दुसरी गोष्ट, रेघ ओढल्यावर ती ज्या ज्या क्षेत्रांना छेदते किंवा ज्यांच्या जवळून जाते, त्यांची यादी करावी. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहाव्यात: प्रकार कोणता, तळ किती उंचीवर, छत किती उंचीवर, आणि वेळ कोणती. यांपैकी एकही घर रिकामे राहिले, तर नियोजन अपुरे समजावे.

तिसरी गोष्ट, उंची कोठून मोजली आहे ते पाहावे. येथे आमच्या विद्यार्थ्याची चूक झाली होती. तो काट्यावर २,५०० फूट ठेवून गेला आणि आपण जमिनीपासून अडीच हजार फूट वर आहोत असे समजला. परंतु तो काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवीत होता, आणि बेगमपेठ विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे १,७४० फूट उंच आहे! म्हणजे घरांच्या छपरांवरून तो जेमतेम साडेसातशे फुटांवरून गेला. क्षेत्राचा तळ किंवा छत जमिनीपासून मोजले आहे की समुद्रसपाटीपासून, हे न पाहता नुसता आकडा वाचणे म्हणजे एकक न लिहिता उदाहरण सोडविणे होय.

चौथी गोष्ट, वळसा किती पडतो याचा हिशेब करावा. आम्ही बेगमपेठहून आधी पश्चिमेकडे संगारेड्डीपर्यंत आणि तेथून नांदेडकडे, असा मोडका मार्ग आखला. त्याची लांबी सुमारे १२८ सागरी मैल भरली. म्हणजे सरळ रेघेपेक्षा अवघे पाच मैल अधिक. त्या सेस्नाला तीन मिनिटांचाही उशीर नाही! संगारेड्डी दुंडिगलपासून तीस किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अर्थात एवढ्याने मार्ग निर्दोष झाला, असे समजू नये. या मार्गावरही शमशाबादचे नियंत्रित आकाश आणि डाव्या हातास बिदरचा सराव, हे दोन्ही नकाशात तपासावेच लागतात, आणि नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागते.

पाचवी गोष्ट, दिशेप्रमाणे उंची निवडावी. डोळ्यांनी पाहत उडणाऱ्या विमानांसाठी नियम असा की, उत्तरेपासून पूर्वेमार्गे दक्षिणेकडे, म्हणजे ० ते १७९ अंशांच्या दिशेने जाणाऱ्याने विषम हजार अधिक पाचशे फूट, आणि १८० ते ३५९ अंशांच्या दिशेने जाणाऱ्याने सम हजार अधिक पाचशे फूट उंची घ्यावी. नांदेडची दिशा वायव्य. म्हणून जाताना ४,५०० किंवा ६,५०० फूट, येताना ५,५०० फूट. अशा उड्डाणास आपल्या देशात सूर्यास्तानंतर सामान्यतः मुभा नाही, आणि उड्डाणपातळी १५०, म्हणजे सुमारे १५,००० फूट, याच्या वर जाता येत नाही. खऱ्या उड्डाणाला याशिवाय हवाई संरक्षण-विभागाचा परवाना-क्रमांक घ्यावा लागतो. कारण जमिनीवरून रडारने पाहणाऱ्याला कोणते विमान आपले व कोणते अनोळखी, हे ओळखता आले पाहिजे.

एक हजार फुटांचे अंतर केवढे मोलाचे असते, याची साक्ष आपल्याच देशात आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे अशी दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतील ३४९ माणसे मरण पावली. दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश त्या वेळी हवाई दलाकडे होते, आणि नागरी विमानांना येण्या-जाण्यास एकच अरुंद वाट होती. एकाने १५,००० फुटांवर थांबावयाचे आणि दुसऱ्याने १४,००० फुटांवर, असे ठरले होते. पहिले विमान ठरलेल्या उंचीच्या खाली उतरले. त्यानंतर येण्याच्या व जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या गेल्या आणि टक्करीची आगाऊ सूचना देणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले. येथून आणखी एक गोष्ट कळते. सीमा आखताना एकाला दिलेली जागा दुसऱ्याच्या वाट्यातून जाते. म्हणून बांध घालणाऱ्यावरही जबाबदारी असते.

आमच्या गोव्याचे उदाहरण याच जातीचे आहे. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५५ साली सुरू केला. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर तो भारतीय नौदलाकडे आला, आणि आजही तेथे नौदलाचा 'हंसा' हा तळ आहे. लढाऊ विमानांच्या सरावासाठी कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी विमानांना बंद ठेवण्याची पद्धत तेथे अनेक वर्षे होती. सुटीत घरी जाण्यासाठी तिकीट काढताना सोयीची वेळ मिळाली नाही की आम्हीही कुरकूर करीत असू. त्या कुरकुरीत तथ्य नव्हते असे नाही. पण ते तास कोणासाठी राखलेले आहेत, याचा विचार मात्र आम्ही कधी केला नव्हता. पुढे जानेवारी २०२३ पासून मोपा येथील दुसऱ्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आणि गोव्याच्या आकाशाला आणखी एक दार मिळाले. सिम्युलेटरवर हैदराबादहून गोव्यास जाणाऱ्याने आपण नौदलाच्या अंगणात उतरणार की मोप्यास, हे आधी ठरवावे. दोन्हींचे नकाशे वेगळे आहेत.

"पण सर, हे सगळे खऱ्या विमानासाठी," असे कोणी म्हणेल. त्याला आमचे दुसरे उत्तर आहे. लुटुपुटीच्या उड्डाणात चूक केली तर कोणी मरत नाही, हेच त्याचे मोठे मोल आहे. आणि म्हणूनच बरोबर वागण्याची सवय लावून घेण्यास ती उत्तम जागा आहे. खरे वैमानिकही सिम्युलेटरवरच संकटांचा सराव करतात. शिवाय आता लुटुपुटीच्या आकाशातही आपण एकटे नसतो. वॅटसिम या नावाने २००१ पासून चालत आलेल्या जाळ्यात जगभरचे हौशी लोक एकाच वेळी उडतात, आणि हौशी नियंत्रक त्यांना वाट दाखवितात. तेथे रेघ ओलांडणारा दुसऱ्या एखाद्या मुलाची तासाभराची मेहनत वाया घालवितो.

तिसरे उत्तर घरोघरच्या पालकांसाठीही आहे. आज लहानमोठे ड्रोन लग्नघरांपासून शेतांपर्यंत दिसू लागले आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाच्या आकाशाचा हिरवा, पिवळा व तांबडा अशा तीन रंगांत नकाशा केलेला आहे. तांबड्या क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ड्रोन उडविता येत नाही; पिवळ्यात त्या क्षेत्राच्या नियंत्रकाची परवानगी लागते. इतके विमानतळ व तळ भोवती असलेल्या आपल्या शहरात गच्चीवरून ड्रोन सोडण्यापूर्वी तो नकाशा पाहणे अगत्याचे आहे. तेथे खेळ संपतो आणि कायदा सुरू होतो.

त्या विद्यार्थ्याने पुढच्या रविवारी नवा मार्ग धरून पुन्हा उड्डाण केले. सोमवारी त्याने वही आणून दाखविली. तीत क्षेत्रांची यादी होती, चारही घरे भरलेली होती, आणि खाली लिहिले होते: "संगारेड्डीमार्गे. ४,५०० फूट. नांदेडला तीन मिनिटे उशिरा." दुंडिगलच्या नावापुढे शेऱ्याच्या जागी त्याने आपल्या मनाने दोनच शब्द लिहिले होते: "शिकणारे आहेत." आम्ही त्या पानावर सही केली. मित्रहो, तुम्हीही जेव्हा नकाशावर पट्टी ठेवाल, तेव्हा रेघ ओढण्यापूर्वी तिच्या वाटेत कोण आहे, हे एकदा पाहून घ्या.